मोजण्याआधी : एका चुकीची दुरुस्ती आणि दामोदर कोसंबी

१/ हा धागा दुरुस्तीचा आहे. दोन महिन्यांपूर्वी याच ठिकाणी मी अठराव्या शतकातील दुष्काळांविषयी एक आलेख मांडला होता. माझ्या आजवरच्या कोणत्याही धाग्यापेक्षा तो अधिक वाचला गेला. अनेकांनी तो पुढे पाठवला, एका स्नेह्यांनी तर व्याख्यानात दाखवला. तो आलेख चुकीचा होता. तो कसा चुकला आणि ती चूक मला कोणाच्या संगतीत नीट उमगली, हे आज सांगायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आलेख कसा तयार झाला, ते आधी सांगते. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले 'पेशवे दफ्तर'चे ४५ खंड वाचत होते. मूळ मोडी कागदांतून निवडून छापलेले हे खंड १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले. पत्रात 'दुष्काळ', 'महर्गता', 'अवर्षण', 'पर्जन्य नाही' असे शब्द आले की मी वहीत एक रेघ ओढत असे. मग दशकवार रेघा मोजल्या. १७२० पासून १७९० पर्यंत आलेखातील रेषा वर वर चढत गेली.

३/ निष्कर्ष समोर उभा होता : शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या पठारावर पाऊस वरचेवर दगा देऊ लागला. मी तो धाग्यात लिहिला, विभागातील चर्चासत्रातही वाचला. टाळ्या मिळाल्या. प्रबंधाचे तिसरे प्रकरण सर्वस्वी त्यावर उभे राहणार होते. मसुदा पाहून मार्गदर्शकांनी फक्त एवढेच विचारले, "दुष्काळाची पत्रे मोजलीस. एकंदर पत्रे मोजलीस का?"

४/ मोजली नव्हती. त्या रात्री मोजायला बसले, तेव्हा ध्यानात आले की छापील खंडांत शतकाच्या आरंभीच्या दशकांची पत्रे मुळातच विरळ आहेत. पत्रे वाढली की पत्रांतील प्रत्येक गोष्ट वाढणारच : दुष्काळ, लग्ने, घोडी, सर्दी-पडसे, सगळेच. त्याच रीतीने 'आशीर्वाद' हा शब्द मोजला असता, तर शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात आशीर्वाद वाढले, असाही आलेख मला काढता आला असता.

५/ त्याच आठवड्यात मी मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले होते. ताई कृषी विद्यापीठात ज्वारीच्या जनुकांवर संशोधन करते. तिच्या संगणकावर जनुकांचा नकाशा काढणारी एक प्रणाली उघडी होती, आणि त्यात दोन पर्याय दिसत होते : 'हाल्डेन' आणि 'कोसंबी'. ती म्हणाली, "आम्ही बहुतेक वेळा कोसंबीच निवडतो. कोणी जपानी शास्त्रज्ञ असावा." माझ्या पिशवीत त्याच कोसंबींचे 'मिथ अँड रिॲलिटी' होते. मी ते तिच्यासमोर ठेवले. आम्ही दोघीही काही क्षण बोललो नाही. मग दोघींनाही हसू आवरेना.

६/ ताईसाठी, आणि त्या नावाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातील कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. मुलाचे शिक्षण काही काळ अमेरिकेत झाले; १९२९ मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी घेतली. व्यवसायाने ते गणितज्ञ. बनारस, अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा त्यांचा प्रवास झाला. त्या शेवटच्या पर्वात पुण्याहून मुंबईला ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

७/ इतिहासाचे विद्यार्थी त्यांना 'ॲन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६) या ग्रंथामुळे ओळखतात. संस्कृतचे अभ्यासक भर्तृहरीचे संपादक म्हणून ओळखतात, नाणकशास्त्राचे अभ्यासक तराजू घेऊन बसलेला माणूस म्हणून, आणि ताईसारखे लोक जनुकांच्या एका सूत्रामुळे. या शाखांना सहसा एकमेकींची ओळख नसते. मला मात्र त्या आठवड्यात या सर्व कामांत एक समान धागा दिसू लागला, कारण माझी जखम ताजी होती. यातील प्रत्येक ठिकाणी हा माणूस काही ना काही मोजत होता, आणि प्रत्येक ठिकाणी मोजण्याचा नियम निराळा होता.

८/ प्रथम ताईची ज्वारी. जनुके गुणसूत्रावर एका रांगेत असतात. पुढच्या पिढीकडे जाण्यापूर्वी गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी त्या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. म्हणून किती रोपांत ताटातूट झाली हे मोजायचे आणि त्यावरून अंतर ठरवायचे. अडचण अशी की दोन जनुकांच्या मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात. घडले ते खरे, पण मोजणीत काहीच दिसत नाही.

९/ या न दिसणाऱ्या घटनांचा हिशेब कसा धरावा? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी लगत दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी १९४०च्या दशकात हा परस्परांचा अडथळा जमेस धरणारे सूत्र मांडले. लेख अवघ्या काही पानांचा आहे. जगभरातील पीकसंशोधक ते सूत्र आजही वापरतात. मोजणीतून काय निसटते याचा विचार मोजणीच्या आधीच करून ठेवायचा, हे त्याचे सार.

१०/ आता नाणी. प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. सूर्य, डोंगर, प्राणी, झाड अशी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उमटवलेली असतात, एवढेच. ती कोणत्या क्रमाने पाडली गेली, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी विचार केला की नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. जितका काळ फिरेल, तितकी चांदी कमी होईल. म्हणजे नाण्याच्या वजनातच त्याच्या प्रवासाची नोंद आहे.

११/ सुचले म्हणून त्यांनी लगेच निष्कर्ष काढला नाही. त्यांनी आधी आपल्याच काळातील चलनी नाणी घेतली. त्यांच्यावर साल छापलेले असते, त्यामुळे परीक्षा घेणे शक्य होते. जुन्या सालाच्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते, इतकेच नव्हे तर त्यांच्या वजनांतील आपापसातील तफावतही वाढलेली असते, हे त्यांनी पडताळून पाहिले. कारण एखादे नाणे पेटीत पडून राहते आणि दुसरे बाजारभर फिरते. एवढी खात्री झाल्यावर मग ते हजारो प्राचीन नाण्यांकडे वळले. प्रत्येक नाणे स्वतंत्र, प्रत्येकाचे वजन स्वतंत्र.

१२/ त्यातही एक पथ्य होते. तुलना शक्यतो एकाच निधीतील नाण्यांची करायची. तक्षशिलेच्या भीड टेकाडात १९२४ मध्ये हजाराहून अधिक नाण्यांचा एक निधी सापडला. त्यात अलेक्झांडरचीही नाणी होती, म्हणून तो पुरला गेल्याचा काळ अंदाजता येतो. एका मडक्यातील नाणी एकाच वेळी चलनातून बाहेर पडली, एकाच मातीत राहिली. त्यांच्या वजनांत फरक असेल, तर त्याचे कारण पुरण्याआधीच्या काळात शोधता येते. दोन ठिकाणची नाणी एकत्र केली, तर मातीचा फरकही झिजेच्या नावावर जमा होईल.

१३/ या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वजनावरून कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सुचवता येते. तो गट कोणत्या राजाचा, हे तराजू सांगत नाही. कोसंबींनी पुराणांतील वंशावळींच्या आधारे राजांशी सांगड घालण्याचाही प्रयत्न केला, आणि नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांनी त्या भागावर आक्षेप घेतले. पुरावा जिथवर नेतो तिथवर जावे. पुढची वाट दुसऱ्या पुराव्याची असते. पुढच्या वाटेवर आपण कधी पाऊल टाकले, हे मात्र चालणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही.

१४/ आता पोथ्या. भर्तृहरीची शतके महाराष्ट्रात वामन पंडितांच्या समश्लोकी भाषांतरामुळे घरोघरी पोहोचली. पण मूळ भर्तृहरीचे श्लोक किती? प्रत्येक प्रदेशाच्या पोथीत श्लोक निराळे, क्रमही निराळा. कोणाला एखादे सुभाषित आवडले की त्याने ते भर्तृहरीच्या नावावर घुसवून दिलेले. कोसंबींनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सर्व परंपरांत साधारणपणे आढळणारे श्लोक सुमारे दोनशे निघाले. उरलेल्यांपैकी काही संशयित, तर पुष्कळसे कुठे तरी एखाद्याच शाखेत आढळणारे.

१५/ इथे नाण्यांचा नियम चालत नाही, हे ध्यानात घ्यावे. नाणे स्वतंत्र असते. पोथी कुणाची तरी लेक असते. एका चुकीच्या पोथीवरून शंभर जणांनी नकला केल्या, तर त्या शंभर साक्षी होत नाहीत. ती एकच साक्ष शंभर तोंडांनी बोललेली असते. उलट, दूरच्या प्रांतातील, दुसऱ्या लिपीतील एकच पोथी त्या शंभरांना भारी पडू शकते. म्हणून पाठचिकित्सक आधी पोथ्यांची कुळे लावतो. कोणाचे कोणाशी नाते आहे हे ठरल्यावाचून मतमोजणी व्यर्थ असते.

१६/ हे वाचताना मी माझी वही उघडली आणि मला घाम फुटला. एका परगण्यात एका वर्षी पाऊस पडला नाही. कमाविसदाराने वर लिहिले, वरच्याने त्याच्याही वर लिहिले, कोणी उत्तर दिले, कोणी स्मरणपत्र धाडले. दुष्काळ एक, पत्रे सात. माझ्या वहीत रेघाही सातच. पोथ्यांच्या नकलांना मी स्वतंत्र साक्षीदार मानले होते.

१७/ तिसरे काम पायी केलेले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि घाटवाटा कोसंबींनी चालून पालथ्या घातल्या. जमिनीवर पडलेली गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवलीशी हत्यारे ते वेचत, वाटेवरच्या आयांच्या, म्हसोबांच्या ठाण्यांची नोंद करीत, गुराख्यांशी बोलत. ही हत्यारे आणि ही दैवते पुष्कळ ठिकाणी एकाच वाटांवर आढळतात, यावरून त्या वाटा शेतीपूर्व काळातील पशुपालकांच्या हंगामी भटकंतीच्या असाव्यात, असे त्यांनी सुचवले. पंढरीच्या पालखीची वाटही त्यांनी या दृष्टीने पाहिली. 'मिथ अँड रिॲलिटी'मध्ये (१९६२) हे सारे आले आहे.

१८/ इथला नियम आणखी वेगळा. नांगराखालच्या काळ्या जमिनीत असे दगड दिसत नाहीत. टेकडीच्या उघड्या उतारावर दिसतात. मग माणूस उतारावरच राहत होता काय? की नांगराने खोऱ्यातल्या खुणा पुसल्या? चालणाराही सगळीकडे चालत नाही. जिथे वाट आहे तिथेच जातो. म्हणून क्षेत्रीय अभ्यासात सापडलेल्या वस्तूंइतकीच आपण कुठे फिरलो नाही याची नोंद मोलाची असते. 'नाही' आणि 'दिसले नाही' यांत अंतर आहे.

१९/ पेशवे दफ्तराचे छापील खंड ही सरदेसायांची पायवाट आहे. हजारो रुमालांतून त्यांनी राजकीय इतिहासाला उपयुक्त वाटले ते कागद प्राधान्याने निवडले. तो त्यांच्या कामाचा हेतूच होता. त्यांच्या आधी काळाने निवड केलीच होती. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. अशा शहरात कोणता कागद उरतो आणि कोणता नाहीसा होतो, हे पावसाच्या हातात नसते. मी खंडांत न सापडलेल्या दुष्काळांना न पडलेले दुष्काळ मानले होते.

२०/ आता या कथेचा अवघड भाग. १८५९ मध्ये जर्मन गणितज्ञ रीमान यांनी मूळ संख्यांच्या वाटपाशी निगडित एक अनुमान मांडले. ते आजही सिद्ध झालेले नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता मिळाल्याचा दावा केला आणि तो कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेशी असलेला त्यांचा करारही पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे काय काय होते याविषयी मते भिन्न आहेत, पण या प्रकरणाने त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला, एवढे निश्चित.

२१/ गणितात मोजणीचे काय होते, याचे एक उदाहरण. एका मर्यादेपर्यंत मूळ संख्या किती असतील, याचा अंदाज देणारे एक सूत्र आहे. प्रत्यक्ष मोजले की मूळ संख्या त्या अंदाजापेक्षा किंचित कमीच भरतात. हजारापर्यंत मोजा, कोटीपर्यंत मोजा, तेच. कोणीही म्हणेल, नियमच आहे. १९१४ मध्ये लिटलवुड यांनी सिद्ध केले की हा क्रम पुढे कुठे तरी उलटतो, आणि एकदा नव्हे, अनंत वेळा. तो जिथे उलटतो अशी एकही नेमकी संख्या आजवर कोणी प्रत्यक्ष मोजून दाखवलेली नाही.

२२/ नाण्यांच्या बाबतीत 'बहुतेक असे असते' हे मोठे ज्ञान आहे. मूळ संख्यांच्या बाबतीत 'बहुतेक' या शब्दाला किंमत नाही. ज्या हाताने चांदीची झीज मोजली, त्याच हाताला हा उंबरठा जाणवला नसावा. त्यांची चेष्टा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. इतक्या शाखांत वावरलेल्या, इतकी पथ्ये पाळणाऱ्या माणसालाही हे घडू शकते, हे वाचून मला प्रथम धीर आला आणि मग भीती वाटली. ही भीती उपयोगी आहे असे मला आता वाटते.

२३/ विज्ञानात मोजमाप असते आणि मानव्यविद्यांत मतमतांतरे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. माझ्या घरीही बोलले जाते. ताईच्या कामाला 'संशोधन' म्हणतात आणि माझ्या कामाला 'वाचन'. पण भर्तृहरीच्या पोथ्यांची कुळे लावण्यात जी काटेकोर शिस्त आहे, ती ज्वारीच्या नकाशात आहे तितकीच आहे. काय स्वतंत्र आहे, काय नातेवाईक आहे, काय नजरेआड राहते, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. त्यांची उत्तरे मात्र प्रत्येक विद्याशाखेने आपापल्या सामग्रीशी झगडून मिळवलेली आहेत. ती उसनी घेता येत नाहीत. त्या शाखेत जाऊन शिकावी लागतात.

२४/ तिसऱ्या प्रकरणाचे पुढे काय झाले, तेही सांगते. एकंदर पत्रांशी प्रमाण काढले आणि एका घटनेची पत्रे एकत्र बांधली, तेव्हा आलेखातील चढ जवळजवळ सपाट झाला. १७९१-९२च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता, याला इतरत्र भक्कम पुरावे आहेत. तो मी नाकारत नाही. 'दुष्काळ वाढत गेले' हे माझे विधान मात्र माझ्या सामग्रीतून निघत नाही. ते मी मागे घेते. दुष्काळ वाढले नाहीत, असेही मी म्हणत नाही. तेही या सामग्रीतून निघत नाही.

२५/ पावसाचे साक्षीदार अन्यत्र आहेत. पुण्यातीलच उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या खोडातील वाढवलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. सारामाफी मिळावी म्हणून झाड पाऊस कमी पडल्याचे लिहून पाठवत नाही. रयतेला आणि कमाविसदाराला मात्र तसे लिहिण्याचे कारण असू शकते. अर्थात वलय अरुंद होण्यास वणवा किंवा कीडही कारणीभूत असू शकते. तीही साक्ष उलटतपासणीवाचून घेता येत नाही, आणि ती घेण्याची विद्या माझी नाही.

२६/ माझ्याजवळ एक लहान प्रश्न उरला : एकाच परगण्यात, सलग मिळणाऱ्या कागदांत, रयतेने सूट मागितल्यावर सरकारने ती केव्हा दिली आणि केव्हा नाकारली? याचे उत्तर पत्रांतच आहे, कारण पत्रे याच व्यवहारासाठी लिहिली गेली होती. त्यासाठी छापील खंड सोडून मूळ मोडी रुमालांकडे जावे लागेल. मोडीचा वेग अजून कासवाचा आहे. प्रबंधाला मुदतवाढ मागितली आहे. बाबांना फोनवर हे सांगताना आवाज जड झाला होता. ते एवढेच म्हणाले, "चूक तुझी तुला सापडली ना? मग होऊ दे उशीर."

२७/ जुना धागा मी काढून टाकलेला नाही. त्यावर दुरुस्तीची टीप जोडली आहे, म्हणजे चूक कुठे झाली हे कोणालाही पाहता येईल. ज्यांनी तो आलेख पुढे पाठवला, त्यांनी कृपया हा धागाही त्याच ठिकाणी पाठवावा. व्याख्यानात दाखवणाऱ्या स्नेह्यांना स्वतंत्र पत्र लिहिले आहे.

२८/ ताईने आता आपल्या प्रयोगशाळेच्या फलकावर लिहून ठेवले आहे : "कोसंबी जपानी नव्हते, गोव्याचे होते." मीही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकांचा प्रश्न लिहून ठेवला आहे. या धाग्यातही काही चुकले असल्यास अवश्य कळवावे. दुरुस्ती याच ठिकाणी होईल. धागा समाप्त.